ज्युरी ड्यूटीचं पत्र आलंय: लिफाफ्यापासून सुटकेच्या चिठ्ठीपर्यंत

गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार घरांतून मला एकाच कारणासाठी फोन आले. "ज्युरी ड्यूटीचं पत्र आलंय, आता काय करू?" अमेरिकेत खटल्याचा निकाल द्यायला सामान्य नागरिकांना बोलावतात, ती ही ज्युरी ड्यूटी. चौघांपैकी तिघांनी फोन करण्याआधीच घोळ घालून ठेवला होता. एकाने पत्र जाहिरातींच्या ढिगाबरोबर रद्दीत टाकलं. एका काकांनी कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नावचा फॉर्म स्वतःच भरून पाठवला. आणि ग्रीन कार्डावर असलेल्या एका मैत्रिणीने 'मी अमेरिकेची नागरिक आहे' या चौकोनात खूण केली होती. पाकीट अजून टपालात पडलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. म्हणून पत्र दिसलं की पहिला विचार येतो तो सुटायचं कसं याचा, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

मी कॅलिफोर्नियात राहते. मला आजवर चार वेळा बोलावणं आलं. पहिलं ग्रीन कार्डावर असताना, म्हणजे जायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळीच 'यायची गरज नाही' असं कळलं. तिसऱ्या वेळी प्रश्नोत्तरांतून वकिलांनी घरी पाठवलं. चौथ्या वेळी मात्र एका फौजदारी खटल्यात सहा दिवस बसले. खालचे तपशील कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांचे आहेत. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात काही वेगळं असेल तर ते त्या त्या जागी सांगितलं आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासला असाल तर पायऱ्या जवळपास याच आहेत, पण मुदती, रकमा आणि दंड वेगळे आहेत. त्यासाठी तुमच्या समन्सवर जे छापलंय तेच खरं माना.

१. पत्र आलं त्याच दिवशी

आधी कोर्ट कुठलं ते बघा. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव आणि 'सुपीरियर कोर्ट' असेल तर ते राज्याचं. 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' असेल तर फेडरल. फेडरल कोर्ट बहुधा आधी नुसती पात्रतेची प्रश्नावली पाठवतं. ती दहा दिवसांत भरून द्यायची असते. प्रत्यक्ष बोलावणं पुढे कधीतरी येतं, किंवा येतही नाही. राज्याच्या पत्रात बहुतेक वेळा सगळं एकत्रच असतं: तारीख, ज्युरर नंबर, ग्रुप नंबर आणि उत्तर द्यायचं संकेतस्थळ.

पत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कामाच्या सूचना मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात आणि तीच बाजू कोणी वाचत नाही.

आपल्या नावांचा एक खास घोळ असतो. कॅलिफोर्नियात ज्युरीसाठी नावं मतदार यादी, डीएमव्हीची (वाहन परवाना खात्याची) यादी आणि २०२२ पासून राज्याचा कर भरणाऱ्यांची यादी, अशा तीन ठिकाणांहून घेतात. लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं, मतदार यादीत नवऱ्याचं आणि कराच्या कागदावर नुसतं आद्याक्षर असेल, तर संगणकाच्या लेखी तुम्ही तीन माणसं. दोन समन्सं आली तर एक फेकून देऊ नका. ज्युरी ऑफिसला फोन करून दोन्ही ज्युरर नंबर सांगा, एक रद्द करून घ्या.

पत्राकडे काणाडोळा केला तर आधी दुसरी नोटीस येते, आणि तरीही गप्प राहिलात तर कॅलिफोर्नियात १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

*सावधान:* "तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डाने दंड भरा" असा फोन आला तर तो भामट्याचा आहे. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबर किंवा कार्डाचा नंबरही विचारत नाही. फोन ठेवा. शंका वाटलीच तर कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे विचारा.

२. पात्रतेचे चौकोन

याच पायरीवर सगळ्यात महागडी चूक होते.

व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाही समन्स येतं, कारण यादीत लायसन्सवाले सगळेच असतात. पत्र आलं म्हणून तुम्ही पात्र ठरत नाही. ज्युरीवर फक्त अमेरिकेचा नागरिक बसू शकतो. नागरिक नसाल तर 'नागरिक नाही' ही खूण करा, सही करा, मुदतीत पाठवा आणि प्रत जपून ठेवा. एवढंच. उत्साहाने किंवा चुकून 'नागरिक आहे' लिहिलंत तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात तो देशाबाहेर काढण्यापर्यंत नेऊ शकतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, असा दावा कधी केला होता का हे थेट विचारलेलं असतं. अशी खूण करून फॉर्म पाठवून बसला असाल तर माझ्यासारखीला फोन करण्यात वेळ घालवू नका. इमिग्रेशन वकिलाला गाठा.

*तपासा:* समन्स आलंच आहे, तर मतदार यादीत चुकून तुमचं नाव नाही ना, हेही एकदा राज्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि तिथे खुणा चुकतात.

याच्या नेमकी उलटी चूक ओसीआय कार्डवाले करतात, म्हणजे भारत सरकार परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना देतं ते कार्ड असलेले. "माझं ओसीआय आहे, म्हणजे मी अर्धा भारताचाच की." नाही हो. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. अमेरिकी पासपोर्ट घेतलात की ज्युरीच्या दृष्टीने तुम्ही पूर्ण नागरिक.

बाकीच्या अटी सोप्या आहेत: वय १८ पूर्ण, त्याच काउंटीत राहणारे, इंग्रजी समजणारे. काउंटी बदलली असेल तर तसं कळवा. फेडरल कोर्टासाठी त्या कोर्टाच्या हद्दीत वर्षभर राहिलेलं असावं लागतं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी नियम वेगळे आहेत, आणि ते राज्यागणिक बदलतात.

इंग्रजीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. आपल्या आईवडिलांपैकी पुष्कळांनी नागरिकत्व घेताना वयाची सवलत घेतलेली असते: पन्नाशी ओलांडलेले आणि वीस वर्षं ग्रीन कार्डवर असलेले, किंवा पंचावन्न ओलांडलेले आणि पंधरा वर्षं. त्यांची इंग्रजीची परीक्षा झालेली नसते, मुलाखत दुभाष्यामार्फत झालेली असते. अशा आजी-आजोबांनी 'इंग्रजी पुरेसं समजत नाही' हे लिहिणं अगदी रास्त आहे. पण वीस वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत मीटिंगा चालवणाऱ्याने तीच खूण करायची, हे काही चालत नाही. एक गृहस्थ माझ्यासमोरच उभे राहून जजना म्हणाले, "माय इंग्लिश इज नॉट सो गुड." जजनी शांतपणे विचारलं, काम काय करता? पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी आपल्या प्रॉडक्टची माहिती इतक्या अस्खलित इंग्रजीत दिली की मागे बसलेले लोक हसायला लागले. ते खुर्चीतच राहिले.

मुलाच्या नावचं पत्र मुलानेच भरायचं. खोटं लिहिलं तर शिक्षा होऊ शकते, हे मान्य करून ती सही करायची असते. मूल दुसऱ्या राज्यात शिकत असेल तर त्याला पत्राचा फोटो पाठवा आणि उन्हाळ्याच्या सुटीतली तारीख मागून घ्यायला सांगा.

३. तारीख जमत नसेल तर

पुढे ढकलणं आणि सूट मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिलीची गरज असताना दुसरी मागतात आणि नकार आला की वैतागतात.

भारतात जायची तिकिटं काढलीत, मुलीची परीक्षा आहे, ऑफिसात रिलीज आहे: ही सगळी पुढे ढकलण्याची कारणं. बहुतेक काउंट्यांत पहिल्यांदा ढकलण्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. ऑनलाइन जाऊन ९० दिवसांच्या आतली नवी तारीख निवडायची. पण ही संधी साधारणपणे एकदाच मिळते, म्हणून तारीख विचार करून घ्या. मी एकदा घाईत थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा घेतला. घरी पाहुणे आणि मी कोर्टात.

सूट मिळण्यासाठी कारण भक्कम लागतं: आजारपण, अत्यंत आर्थिक ओढाताण, कोर्टापर्यंत जायला साधन नसणं, किंवा ज्याची देखभाल तुमच्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही असं माणूस घरी असणं. वय ७० च्या पुढे असेल तर प्रकृतीच्या कारणासाठी कॅलिफोर्नियात डॉक्टरचं पत्र जोडावं लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत पुढची तारीख मागता येते.

"सासू-सासरे भारतातून आलेत" हे कारण होत नाही. "सासऱ्यांचा पाय मोडलाय, दिवसभर त्यांच्याजवळ मी एकटीच असते" हे होऊ शकतं. काय लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. मोघम लिहू नका.

*सावधान:* विनंती पाठवली म्हणजे ती मान्य झाली असं नाही. उत्तर येईपर्यंत मूळ तारीख कायम आहे असंच धरा.

४. ऑफिसात काय सांगायचं

मॅनेजरला समन्सची प्रत ताबडतोब पाठवा. ज्युरीला गेल्याबद्दल नोकरीवरून काढणं किंवा त्रास देणं बेकायदा आहे, मात्र त्यासाठी तुम्ही वेळेत कळवलेलं असायला हवं. पगाराचा भाग निराळा. कॅलिफोर्नियात खासगी कंपनीवर त्या दिवसांचा पगार देण्याची सक्ती नाही. पुष्कळ कंपन्या काही दिवसांचा देतात. किती, ते एचआरला विचारा. ज्यांना ओव्हरटाइम लागू नसतो अशा पगारदारांसाठी, म्हणजे 'एक्झेम्प्ट' लोकांसाठी, फेडरल नियम असा आहे: त्या आठवड्यात तुम्ही थोडंसंही काम केलं असेल तर ज्युरीच्या दिवसांचा पगार कापता येत नाही, फार तर ज्युरीचं मानधन वळतं करून घेता येतं. तासावर काम करणाऱ्यांना हे संरक्षण नाही. पुढे आर्थिक अडचण मांडायची वेळ आली तर कंपनीचं धोरण लेखी जवळ असू द्या.

५. आदल्या संध्याकाळी

आमच्याकडे समन्सवरची तारीख म्हणजे त्या दिवशी कोर्टात हजर व्हायचंच, असं नसतं. ग्रुप नंबर घेऊन आदल्या संध्याकाळी, बहुधा पाचनंतर, संकेतस्थळावर किंवा फोनवर बघायचं. तीनपैकी एक उत्तर मिळतं: सकाळी या, येऊ नका, किंवा स्टँडबाय, म्हणजे उद्या अमुक वाजता पुन्हा बघा. काही ठिकाणी हे आठवडाभर रोज चालतं.

चुका दोनच होतात. ज्युरर नंबर आणि ग्रुप नंबर यांची अदलाबदल, आणि सोमवारची तारीख असताना शुक्रवारी संध्याकाळी बघायचं राहून जाणं.

*तपासा:* 'येऊ नका' असं दिसलं तर त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

६. पिशवी भरताना

बारकोडवालं मूळ समन्स, फोटो ओळखपत्र, चार्जर, पुस्तक, पाण्याची बाटली, डबा आणि स्वेटर. स्वेटर विसरू नका. जुलैतही आत काकडायला होतं. हाफ पँट, स्लिपर आणि घोषणा छापलेले टी-शर्ट नकोत. साधं ऑफिसला जातो तसं जा. कोट-टायची अपेक्षा कोणी करत नाही.

दारात विमानतळासारखी तपासणी असते. सफरचंद कापायची छोटी सुरी, कात्री, पेपर स्प्रे घरीच ठेवा. आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या खिशात पानाच्या डब्याबरोबर अडकित्ता निघाला. हे काय आहे ते पहारेकऱ्याला समजावून सांगता सांगता रांग खोळंबली, आणि शेवटी आजोबा तो गाडीत ठेवायला तीन मजले उतरून गेले.

पार्किंग कुठे करायचं ते समन्सवर किंवा संकेतस्थळावर दिलेलं असतं. दोन तासांच्या मीटरवर गाडी लावू नका. मधेच उठून नाणी टाकायला जाता येत नाही.

७. थांबण्याची खोली

बारकोड दाखवून हजेरी लावा, ज्युरीच्या कामाची ओळख करून देणारा व्हिडिओ बघा आणि बसा. तासभर, कधी चार तास. नावं पुकारली जातात तेव्हा कान उघडे ठेवा, कारण आपलं नाव ते कसं उच्चारतील याचा भरवसा नाही. मी 'कुलकर्णी'ची पाच रूपं ऐकली आहेत. आडनाव लांब असेल तर इअरफोन काढूनच बसा.

त्या दिवशी कुठल्याच कोर्टात पाठवलं नाही तर संध्याकाळी मोकळे. कॅलिफोर्नियात एक दिवस किंवा एक खटला असाच हिशेब आहे, आणि तेवढ्याने किमान १२ महिने पुन्हा बोलावत नाहीत.

८. प्रश्नोत्तरं

नाव पुकारलं गेलं की तुमचा घोळका कोर्टरूममध्ये जातो. सगळ्यांना शपथ दिली जाते. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर नुसतं प्रतिज्ञेवर उत्तर देता येतं. खटला किती दिवस चालेल ते जज सांगतात आणि इतके दिवस बसणं खरोखरच अशक्य असलेल्यांचं आधी ऐकून घेतात. भारताचं तिकीट असेल तर ते इथे दाखवायचं. इथे गप्प राहून तिसऱ्या दिवशी "माझं उद्या विमान आहे" म्हणणाऱ्याला जज काय सुनावतात, ते मी ऐकलंय.

मग चिठ्ठीच्या क्रमाने लोकांना ज्युरीच्या खुर्च्यांवर बसवतात आणि प्रश्न सुरू होतात. सुरुवातीचे ठरलेले असतात: कुठल्या भागात राहता, काम काय, जोडीदाराचं आणि मोठ्या मुलांचं काम काय, घरात कोणी पोलीस किंवा वकील आहे का, कधी गुन्ह्याचे बळी ठरलात का, आधी ज्युरीवर बसलात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना खटला दिवाणी होता की फौजदारी आणि निकालापर्यंत पोहोचलात की नाही एवढंच सांगायचं. निकाल काय लागला ते सांगायचं नाही.

तोंडाने उत्तर द्या. आपण मान डोलावतो ती हो आहे की नाही हे इथल्यांना कळत नाही, आणि शब्दन् शब्द टिपणाऱ्या कोर्ट रिपोर्टरला मान टिपता येत नाही. "इज दॅट अ येस?" हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला.

आता अडखळण्याच्या जागा. मला ज्या प्रश्नाने पकडलं तो असा होता: "अजून एकही साक्ष झालेली नाही. याच क्षणी मत द्यायचं असेल तर काय द्याल?" मी म्हणाले, "अजून सांगता येणार नाही." माझ्या रांगेतले बहुतेक तेच म्हणाले. बरोबर उत्तर 'निर्दोष' हे आहे, कारण पुरावा आलेला नाही आणि पुरावा देण्याची जबाबदारी सर्वस्वी सरकारी वकिलाची आहे. आरोपीने काहीच सिद्ध करायचं नसतं. तो साक्ष द्यायला उभा राहिला नाही तर त्यावरून त्याच्याविरुद्ध कसलाही निष्कर्ष काढायचा नसतो. आपल्या डोक्यात मात्र "पोलिसांनी धरलं म्हणजे काहीतरी केलंच असेल" हे बसलेलं असतं. तुमच्याही डोक्यात ते असेल तर तसं सांगा. तेच शोधण्यासाठी हे प्रश्न आहेत. जजना आवडेल असं उत्तर देण्याची ही तोंडी परीक्षा नव्हे.

दुसरा: "एकाच साक्षीदाराची साक्ष पुरेशी वाटेल का?" ती विश्वासार्ह वाटली तर कायद्याने एकही पुरतो. "मला तर व्हिडिओच लागेल" असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर तेही सांगा.

तिसरा खास इंजिनिअरांसाठी. 'वाजवी शंकेपलीकडे' म्हणजे किती टक्के, असं विचारू नका आणि स्वतःहून ९५ वगैरे आकडाही सांगू नका. कायद्यात टक्केवारी नाही.

घरातली हिंसा, अत्याचार, आजारपण असं काही चारचौघांत सांगायचं नसेल तर "हे मला खासगीत सांगायचं आहे" एवढं म्हणा. जज बाजूला बोलावून ऐकतात. आणि एखादी गोष्ट उशिरा आठवली तरी हात वर करा. मी 'गुन्ह्याचा बळी नाही' म्हणून बसले आणि अर्ध्या तासाने आठवलं की आमच्या गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला होता. सांगितलं. कोणी रागावलं नाही.

वगळण्याचे प्रकार दोन. निःपक्षपाती राहता येणार नाही असं दिसलं तर जज कारण नोंदवून वगळतात. शिवाय प्रत्येक बाजूला काही लोकांना कारण न देता वगळता येतं. कॅलिफोर्नियात जन्मठेपेच्या खालच्या गंभीर गुन्ह्यांत एका आरोपीच्या खटल्यात प्रत्येकी दहा. मात्र वंशावरून असं वगळणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालापासून देशभर निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात २०२२ पासून फौजदारी खटल्यांत त्याहून कडक कायदा लागू आहे: मातृभाषा इंग्रजी नसणं किंवा दुसरी भाषा येणं हे वगळण्याचं कारण दिलं तर ते अवैधच धरून चालतात. तेव्हा आपल्या उच्चारांची लाज वाटून खालच्या आवाजात पुटपुटू नका. मला तिसऱ्या वेळी घरी पाठवलं त्याचं कारण मला कधीच कळलं नाही, आणि ते विचारायचंही नसतं.

*सावधान:* सुटण्यासाठी भडक मतं रंगवून सांगणं हा शपथेवरचा खोटेपणा आहे. जज दिवसाला अशी दहा माणसं बघतात.

९. खटला चालू असताना

निवड झाली की पुन्हा शपथ. मग एक सूचना इतक्या वेळा ऐकवतात की झोपेतही आठवावी: खटल्याबद्दल कोणाशीही बोलू नका. नवऱ्याशी नाही, बाकीच्या ज्युररांशीही नाही. घरी "किती दिवस, किती वाजता सुटणार" एवढंच सांगा. व्हॉट्सॲपवर कोर्टाच्या इमारतीचा फोटोसुद्धा टाकू नका. नाव गुगल करू नका, घटनास्थळ नकाशावर बघू नका, घरी जाताना त्या चौकातून वळसा घालू नका. खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड हेच आहे. चौथ्या दिवशी माझं बोट नकाशाच्या ॲपवर गेलं होतं, ते मागे घेतलं. एका ज्युररच्या अशा शोधामुळे सगळा खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागू शकतो.

लिफ्टमध्ये वकील भेटला आणि त्याने तोंड फिरवलं तर तो उद्धट नाही. त्याला तुमच्याशी बोलायला मनाई आहे. तुम्हीही "काय गर्दी आहे" म्हणू नका.

टिपणं घ्यायला वही मिळते, ती कोर्टातच ठेवायची. ऐकू आलं नाही तर लगेच हात वर करा. साक्षीदाराला काही विचारावंसं वाटलं तर कागदावर लिहून बेलिफकडे, म्हणजे कोर्टातल्या पहारा-व्यवस्थेच्या कर्मचाऱ्याकडे, द्या. विचारायचं की नाही ते जज ठरवतात.

एक प्रसंग आपल्या लोकांवर हमखास येऊ शकतो. साक्षीदार हिंदीत, गुजरातीत, क्वचित मराठीतही बोलतो आणि दुभाषी त्याचं इंग्रजी करतो. तुम्हाला मूळ शब्द कळतात. तरीही पुरावा म्हणून दुभाष्याचं इंग्रजीच धरायचं. भाषांतर चुकलं असं वाटलं तर तिथल्या तिथे चिठ्ठीने जजना कळवा. नंतर बंद खोलीत बाकीच्या अकरा जणांना "तो खरं म्हणजे असं म्हणाला" असं सांगणं नियमबाह्य आहे, कारण तिथे तुम्हाला कोणी उलटतपासू शकत नाही.

१०. बंद खोलीत

आत गेल्यावर पहिलं काम फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, निवडायचं. दुसरं काम मतदान नव्हे. आमच्या खोलीत बसल्या बसल्या एकजण म्हणाला, "हात वर करून बघू या का?" एका निवृत्त शिक्षिकेने त्याला थांबवलं आणि जजनी दिलेल्या लेखी सूचना मोठ्याने वाचायला घेतल्या. त्यात पाऊण तास गेला, पण पुढचे दोन दिवस वाचले असतील. आधी हात वर झाला की माणूस आपल्या हाताची बाजू सोडत नाही.

क्रम असा ठेवा: एक आरोप घ्या. तो सिद्ध व्हायला कायद्याने कोणत्या बाबी लागतात ते वाचा. एकेका बाबीसाठी पुरावा काय आला ते आपापल्या टिपणांतून काढा. आठवणीत मतभेद झाला तर वाद घालत बसू नका. ती साक्ष पुन्हा वाचून दाखवा अशी लेखी मागणी करता येते. मग पुढचा आरोप.

फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जण सहमत लागतात. दिवाणीत कॅलिफोर्नियात बारापैकी नऊ पुरतात, आणि तिथे शंकेपलीकडे नव्हे तर कोणती बाजू अधिक संभाव्य एवढंच तोलायचं असतं. शिक्षा किती होईल हा विचार तुमचा नाही.

आपल्याकडे लोकांना ज्युरी आठवते ती १९५९ च्या नानावटी खटल्यातली. तिथे ज्युरीने आठ विरुद्ध एक असं 'निर्दोष' म्हटलं, ते जजना पटलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यामुळे "आपलं चुकलं तर जज बघून घेतील" असा समज राहतो. अमेरिकेत फौजदारी खटल्यात ज्युरीने 'निर्दोष' म्हटलं की ते तिथेच संपतं. जज ते फिरवू शकत नाहीत.

एकटे पडलात तर? कारणं ऐका, आपली सांगा, पटलं तर मत बदला. उशीर होतोय, मुलं डे-केअरमध्ये आहेत, म्हणून बदलू नका. एकमत झालंच नाही तर तसं जजना लिहून कळवता येतं. निकाल वाचल्यावर प्रत्येक ज्युररला "हा तुमचा निकाल आहे का?" असं विचारलं जाऊ शकतं. आम्हाला विचारलं. भरल्या कोर्टात, आरोपीच्या समोर, एकेकाने "हो" म्हणायचं होतं. मी सातवी होते.

११. सुटल्यावर

जज आभार मानतात आणि बोलण्यावरची बंदी उठते. बाहेर वकील थांबलेले असू शकतात. बोलायचं की नाही ही तुमची मर्जी. नको असेल तर "नाही" म्हणून चालू पडा.

जाण्यापूर्वी ज्युरी ऑफिसातून हजेरीची चिठ्ठी घ्या, ज्यावर प्रत्येक दिवसाची तारीख असेल. ऑफिसला एक प्रत द्या. मूळ चिठ्ठी समन्सच्या फोटोंबरोबर ठेवा, म्हणजे वर्षाच्या आत पुन्हा पत्र आलं तर ती दाखवून सुटता येतं.

मानधन चेकने घरी येतं: राज्याच्या कोर्टात दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर आणि मैलांचे थोडे पैसे, फेडरल कोर्टात दिवसाला ५० डॉलर. हे करपात्र उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवा. कंपनीने पगार चालू ठेवून ते मागून घेतलं असेल तर तेवढी वजावट मिळते. माझा चेक ७५ डॉलर आणि काही सेंट्सचा होता. डाउनटाउनच्या पार्किंगवर सहा दिवसांत मी त्याहून जास्त घातले होते.